उकिरडा कोणाचा?

स्वयंपाकघरातला ओला कचरा घरोघरून गोळा करून त्याचे खत करणारा व्यवसाय पूर्वी अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या माणसांच्या मालकीचा असेल, तर काम आणि पैसा मुद्दाम त्यालाच देणे धर्म्य आहे का, हा प्रश्न वरवर पाहता नगरपरिषदेच्या कारभाराचा वाटतो. त्यात धर्मशास्त्राचे दोन जुने विषय अडकलेले आहेत: शुद्धी आणि स्वामित्व. शुद्धीवर महाराष्ट्रात शे-दीडशे वर्षे भरपूर लिहिले-बोलले गेले. स्वामित्वाकडे त्या मानाने फार थोड्यांनी पाहिले, आणि खरी गाठ तिथेच आहे.

शेतकऱ्याच्या परसात उकिरडा असतो. शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीची राख, भाज्यांचे देठ, खरकटे असे सगळे त्यात पडते, पावसाळ्यात मुरते आणि उन्हाळ्यात उपसून शेतात जाते. घरातली बाई हाताने शेण कालवते, अंगण सारवते, गोवऱ्या थापते. तिला त्याचा विटाळ होत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यातला संत्र्याचा बागाईतदार कुजलेल्या शेणखताच्या ट्रॉलीला रोख पैसे मोजतो आणि खत चांगले निघाले तर मूठभर हातात घेऊन वासही घेतो. तेव्हा कुजणाऱ्या पदार्थाच्या अंगचा काही गुण माणसाला बाटवतो, हे म्हणणे टिकत नाही. स्वतःच्या ढिगात हात घालणारा शुद्ध राहतो. दुसऱ्याने टाकलेले उचलणारा अशुद्ध ठरतो. दोघांच्या हाताला लागलेली घाण एकच असते. फरक एवढाच की पहिल्याकडे शेत आहे, म्हणून त्याच्या ढिगाला खताची किंमत येते. दुसऱ्याकडे शेत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला फक्त वाहणे येते.

शास्त्रकारांना हे कळले नव्हते असे म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि त्यानंतर चारच श्लोकांनी, अंगात ताकद असली तरी शूद्राने धनसंचय करू नये असे बजावले आहे. या दोन आज्ञा शेजारी-शेजारी आहेत आणि त्या एकत्रच वाचल्या पाहिजेत. त्याच अध्यायात चांडाळांसाठी फुटकी भांडी आणि गावाबाहेरची वस्ती नेमून दिली आहे. उष्टे खाण्याने जी अशुद्धी येते, ती धन साठू दिले तर फार काळ टिकवता येणार नाही, ही समज त्या मांडणीमागे दिसते. गावगाड्यातही हेच चालले. महाराच्या कामाचा मोबदला बलुत्याच्या धान्याबरोबर दारोदार मागून आणलेल्या शिळ्या भाकरीत होता. मेलेले ढोर ओढणे हे काम आणि त्याचे मांस ही मजुरी, अशी ती सांगड होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे, मृतमांस खाणे आणि उष्टे मागणे सोडण्याचे आवाहन केले होते. अन्न टाकणारा आणि ते उचलणारा यांच्यातला व्यवहार कशावर चालतो, हा प्रश्नही दोन्ही प्रसंगांत होता.

बौद्ध परंपरेत हा प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. थेरगाथेत सुनीत नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो झाडूवाला होता आणि वाळलेली, टाकलेली फुले उचलणे हे त्याच्या कुळाचे काम होते. आजच्या भाषेत, निर्माल्य गोळा करणारा. बुद्धाने त्याला वाटेतच संघात घेतले. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा घेतली आहे. कथेचा रोख जन्माने कोणी नीच ठरत नाही याकडे आहे, आणि तो वसलसुत्तात अधिक स्पष्ट येतो. मात्र एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: सुनीत संघात गेला तेव्हा त्याने फुले उचलण्याचे काम सोडले. काम तेच ठेवून त्याला मान देण्याचा मार्ग बुद्धाने घेतला नाही. दुसरीकडे, सम्यक् आजीविकेच्या चर्चेत उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे आहेत. सफाईचे काम त्यात नाही. म्हणजे बौद्ध दृष्टीने कचरा उचलण्यात पाप नाही, आणि ते कोणाच्या तरी जन्माचे काम आहे असे मानण्याला मात्र जागा नाही.

विदर्भात आणि कोकणात गेल्या शतकात या प्रश्नाला तिसरे उत्तर दिले गेले: सफाई सर्वांनी करावी. डिसेंबर 1932 मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण मांडले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात अन्नत्याग केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास आणि खत यांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. पवनारला राहणारे विनोबा 1946 पासून जवळच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैला उचलत. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारे, विटांच्या जाळीदार टाक्याचे खत तयार केले. ‘नाडेप’ या नावाने ते देशभर गेले, आणि विदर्भाबाहेरच्या अनेकांना हे एका माणसाचे नाव आहे याची कल्पनाही नसते. गाडगेबाबांचा खराटा आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामसफाईला दिलेले स्थान हे याच धारेतले. मात्र गाडगेबाबा परीट समाजातले होते, आश्रमातून गावात आलेले नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्या झाडण्याला निराळी धार होती.

या उत्तराचे मोल मोठे आहे. तरीही त्याची मर्यादा आंबेडकरांनी 1945 मध्ये ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात दाखवून दिली, ती आजही खोडता येत नाही. ज्याच्यावर काम जन्माने लादलेले आहे त्याला त्या कामाची थोरवी सांगणे म्हणजे त्याने ते सोडू नये अशी व्यवस्था करणे. विनोबा सुरगावला जायचे थांबू शकत होते. ते जात राहिले म्हणून त्यांच्याविषयीचा आदर वाढला. त्याच गावच्या भंग्याला ना थांबण्याची मुभा होती, ना त्याच कामातून आदर मिळत होता. एकाच्या हातातली पाटी तपश्चर्या ठरते आणि दुसऱ्याच्या हातातली पाटी जात ठरते, याचे कारण पाटीत शोधून सापडणार नाही. ते माघार घेण्याच्या स्वातंत्र्यात आहे, आणि ते स्वातंत्र्य बहुतांशी मालमत्तेतून येते.

इथे पुण्याचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतल्याही बहुतेक महार, मातंग अशा समाजांतल्या. पुष्कळशा मराठवाड्याच्या दुष्काळानंतर शहरात आलेल्या. त्या आधीपासूनच कचराकुंड्यांतून भंगार वेचत होत्या. काम सोडा असे त्यांना सांगणे तत्त्वाला धरून असले, तरी दुसऱ्या दिवशीच्या चुलीचे उत्तर त्यात नव्हते. त्यांनी मागितले ते काम ओळखले जाण्याचे: ओळखपत्र, कचऱ्यावरचा हक्क, विमा. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि कुंडीत उतरणारी बाई ढकलगाडी घेऊन दारात आली. घर तिला दरमहा शुल्क देते, सुका कचरा विकून आलेले पैसे तिचेच राहतात, आणि काही सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे कामही याच स्त्रिया करतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर भगिनींच्या गटांतून असेच काम उभे केले.

धर्मचर्चेच्या दृष्टीने यातली बारीक पण मोठी गोष्ट अशी, की उष्ट्याची दिशा उलटली. पूर्वी उष्टे हीच मजुरी होती. आता उष्टे हा कच्चा माल आहे आणि ते उचलल्याबद्दल उष्टे टाकणाऱ्याने वर पैसे मोजायचे आहेत. मनुस्मृतीने ज्या दोन आज्ञा जोडून सांगितल्या होत्या, त्या दोन्ही या व्यवहारात एकदम मोडतात. शुल्काच्या रकमेवरून दारात होणारी कुरकुर म्हणूनच रुपयांपुरती नसते. वीज, केबल, मोबाइल यांची बिले निमूट भरणारे घर कचऱ्याचे महिन्याचे शुल्क मागितले की ‘एवढे कशाला?’ म्हणते, आणि दिवाळीत मात्र उरलेला फराळ आणि जुनी साडी मोठ्या मनाने पुढे करते. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरी जे दिले जाते ते दहाव्या अध्यायातलेच असते.

कचरा वेगळा करण्याचा नियमही याच प्रकाशात पाहावा लागतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पर्यावरणाच्या अंगाने त्याचे कारण सरळ आहे. एकत्र कचरा उकिरड्यावर दाबून पडला की हवा न लागता कुजतो आणि मिथेन सुटतो. वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यात वाळका पालापाचोळा मिसळून ढीग अधूनमधून पलटला तर आतली उष्णता साठ अंशांपर्यंत चढते, रोगजंतू मरतात आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. पण त्याच नियमाने आणखी एक काम नकळत केले. मिश्र कचऱ्यातून काच, डायपर, खरकटे वेगळे काढण्यासाठी कोणाचा तरी हात त्यात जातोच. तो हात आतापर्यंत एका ठरावीक वस्तीतून येत होता. नियम सांगतो की तो हात ज्याचा कचरा त्याचाच असावा. ‘स्वच्छ’च्या स्त्रियांनी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा 2013 चा कायदा मानवी विष्ठेपुरता आहे, भाजीच्या देठांना तो लागू होत नाही. पण बादलीत सगळे एकत्र आले की या दोन कामांमधली रेघ पुसली जाते.

अशा व्यवसायाला जात पाहून काम द्यावे का? या प्रश्नाला महाराष्ट्राबाहेरचाही संदर्भ आहे. अमेरिकेत स्वयंपाकघरातला कचरा बादलीने नेऊन खत करणारे छोटे व्यवसाय अनेक शहरांत आहेत, आणि त्यांतले कृष्णवर्णीयांच्या मालकीचे व्यवसाय निवडून ग्राहक व्हावे असे आवाहन तिथे केले जाते. त्यामागे तिथल्या सफाईचा इतिहास आहे. 1 फेब्रुवारी 1968 रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरा दाबण्याच्या गाडीत चिरडून मेले, तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला तिथेच हत्या झाली. महाराष्ट्राचे या इतिहासाशी नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, 1946 मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले, आणि 1972 मध्ये दलित पँथरने आपले नाव तिकडूनच घेतले.

आक्षेप उघड आहे. जात संपवायची तर विकत घेताना विक्रेत्याची जात का पाहायची? हा आक्षेप घेणाऱ्यांना एक विचारता येते: आतापर्यंत जात न पाहता व्यवहार होत होता का? उडप्याचे हॉटेल, मारवाड्याची पेढी, तेल्याचा घाणा या नावांनी बाजार ओळखला जात होता. पूर्वास्पृश्याने उघडलेल्या खानावळीत मात्र गिऱ्हाईक येत नसे. जात पाहून पाठ फिरवण्याची सवय शतकांची, आणि जात पाहून जवळ जाण्याची सूचना अगदी अलीकडची. पहिल्या सवयीचा हिशेब चुकता झाल्याशिवाय निरपेक्षतेचा दावा करणे म्हणजे शर्यत अर्ध्यावर आल्यावर नियम सारखे करणे होय. सरकारनेही हे तत्त्व मान्य केले आहे. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या वाट्यातून एकूण खरेदीचा चार टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी ठेवला आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत त्यांना आणि महिलांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज देण्याची तरतूद होती. पुण्यात 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री याच विचाराची. तरीही एक विसंगती उरतेच. ज्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो लोकांनी जात टाकून धम्म स्वीकारला, तिथल्या बौद्ध उद्योजकाला कर्जासाठी जातीचाच दाखला काढावा लागतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या याच वाटेने. ज्या व्यवस्थेने जखम केली तिच्याच नोंदवहीतून भरपाई घ्यावी लागते, आणि तूर्त दुसरी नोंदवही नाही.

नागपूर जिल्ह्यात ‘पूर्वास्पृश्य’ हा शब्द एकसंध वापरला तर दिशाभूल होते. या भागातले पुष्कळ महार जाडेभरडे कापड विणणारे होते आणि पुढे गिरण्यांत गेले. शहरांतले झाडूकाम मुख्यतः मेहतर, वाल्मीकी, सुदर्शन समाजांच्या वाट्याला आले. त्यामुळे एखाद्या बौद्ध तरुणाने कर्ज काढून गाडी आणि खतयंत्र घेतले, आणि ढीग पलटायला मेहतर वस्तीतल्या बायका रोजंदारीवर ठेवल्या, तर कागदावर तो व्यवसाय दलित मालकीचा होतो. उकिरडा मात्र याही वेळी वाहणाऱ्याचा होत नाही. त्याला काम देऊ नये असा याचा अर्थ नव्हे. पण ग्राहकाने किंवा नगरपरिषदेने ‘मालक कोण’ एवढे विचारून थांबू नये. ढिगात हात घालणाऱ्याचा त्यात वाटा किती, हेही विचारावे. या कसोटीवर सहकारी संस्था एकट्या मालकापेक्षा सरस ठरते.

उदाहरण म्हणून कन्हानच्या काठावरचे खापा घ्या: सावनेर तालुक्यातले जुने नगरपरिषदेचे गाव. विणकामाची परंपरा, शेजारी गुमगावची मँगनीजची खाण, भोवती कापूस आणि संत्री. कन्हानचे पाणी पुढे नागपूर शहराला पुरवले जाते, त्यामुळे या काठावर काय टाकले जाते याचा संबंध खाप्यापुरता राहत नाही. अशा लहान गावात माणशी रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम कचरा धरतात. दहा हजार लोकांमागे दोन-तीन टन, त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. त्यातून खत निघते ते फार तर चौथा हिस्सा, म्हणजे रोज अडीचशे-तीनशे किलो. संत्र्याच्या हंगामात सालांचे प्रमाण वाढते आणि गांडुळांना ती मानवत नाहीत, म्हणून तेव्हा साध्या ढिगावरच भागवावे लागते. शहरी खताला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे राज्याचे नाव लावता येते, आणि बागाईतदार गिऱ्हाईक दारातच आहे. तरीही किलोला मिळणाऱ्या चार-पाच रुपयांत चार-सहा माणसांची मजुरी, गाडीचे डिझेल आणि पत्र्याची शेड भागत नाही. घराने दिलेले शुल्क हेच खरे उत्पन्न आणि खत ही जोडकमाई, असाच हिशेब बसतो. ‘कचऱ्यातून सोने’ असे फलक लावणाऱ्यांनी हे लपवू नये. ज्या गावात शुल्क द्यायची तयारी नाही तिथे खताच्या भरवशावर कोणाला व्यवसायात उतरवणे म्हणजे त्याला कर्जात उतरवणे आहे.

राहिला माघारीचा प्रश्न. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. घरात कायम पगार टिकतो, म्हणून कामगार संघटना हा हक्क सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. पण वारसा झाडूचा आहे. मुलाला पगार हवा असेल तर झाडूही घ्यावा लागतो. सहकारी संस्थेतला हिस्सा वेगळा वागतो. तो झाडूला बांधलेला नसतो: मुलीने आयटीआयला जाऊन काही वेगळेच केले तरी आईच्या हिस्स्याचे मोल संस्थेच्या नियमांप्रमाणे तिला मिळू शकते. यासाठी नगरपरिषदेला तीन गोष्टी करता येतात: खतासाठीची जागा वर्षाच्या ठेक्यावर न देता दीर्घ भाडेपट्ट्याने संस्थेच्या नावे करणे, ओला कचरा उचलण्याचे कंत्राट केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेवर न सोडणे, आणि न भरलेले शुल्क मालमत्ताकराच्या बिलातून वसूल करणे, म्हणजे दारात उभ्या असलेल्या बाईला त्यासाठी कोणाशी वाद घालावा लागणार नाही.